कळलावीचे बारा दिवस

भाद्रपद सरत आला होता. आसनगडाचा पूर्वकडा उजाडताना आधी काळा, मग निळा आणि मग एकाएकी हिरवा होई, आणि त्या हिरव्यात, माणसाचा पाय ठरणार नाही अशा कपारींतून, कळलावीची फुलं वर डोकावत. बुडाशी पिवळी, टोकाला लालभडक, पाकळ्या उलट्या वळून आभाळाकडे गेलेल्या. गडाला वेढा पडून तीन महिने झाले होते. अंबारखान्यात नाचणीचा तळ दिसू लागला होता, आणि तटावरच्या तीनशे माणसांनी टाकळा म्हणू नका, कुर्डू म्हणू नका, जे हिरवं दाताखाली चावता येईल ते सगळं ओरबाडून खाल्लं होतं. कड्यावर शिल्लक होती ती एकटी कळलावी, कारण तिच्या वाटेला उपाशी शेळीसुद्धा जात नाही.

धुरपा मात्र रोज सकाळी तटावर येऊन त्या फुलांकडे बघत उभी राही. ती गडाखालच्या वाडीतल्या महादेव कोळ्यांची सुईण. पन्नाशी उलटलेली, हाताने हलकी आणि जिभेने सैल. मूल उपजेपर्यंत तिची टकळी चालू असायची, आणि बायकांना त्या बडबडीचाच आधार वाटे. कळलावीशी तिची जुनी ओळख. गुराच्या जखमेत अळ्या पडल्या की पाला चुरून भरायचा, विंचू चावला की कंद उगाळून वर लेप द्यायचा, आणि बाई अडली की तोच कंद उगाळून बेंबीखाली नि तळपायांना चोपडायचा. मूल बाहेर आलं की दुसऱ्या क्षणी ऊन पाण्याने लेप धुऊन टाकायचा. नाहीतर कळा थांबायचं नाव घेत नाहीत, आणि मुलापाठोपाठ आईलाही घेऊन जातात. पोटात मात्र तो कंद कधी जाऊ द्यायचा नाही. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं, आणि आजवर धुरपाच्या हातून त्यात एकदाही चूक झाली नव्हती.

वेढा पडला तेव्हा किल्लेदार रायाजीरावांच्या कुटुंबाला, गोजराबाईंना, पाचवा महिना लागला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एक गर्भ सहाव्या महिन्यात पडला होता, तेव्हाही धुरपाच जवळ होती. म्हणून या खेपेस गडाचे दरवाजे बंद होण्याआधीच रायाजीरावांनी तिला माणसं पाठवून वर आणवलं. आता आठवा महिना चालू होता. बाळ पोटात चांगलं फिरत होतं, आणि धुरपा दिवस मोजत होती.

वद्य चतुर्थीच्या दिवशी सकाळी पांढरं निशाण घेऊन शत्रूचा वकील महादरवाजाशी आला. शत्रू म्हणायचा, पण वेढा घालणारा सरदार दुसरातिसरा कोणी नव्हता. गोजराबाईंचा सख्खा थोरला भाऊ सुभानजी घारगे. त्या काळी हे असंच चालायचं. एक घर एका शाहीच्या चाकरीत, दुसरं दुसऱ्या, आणि मधल्या मध्ये लेकीबाळींचं माहेर तोफांच्या पल्याड जाऊन बसायचं. सदरेवर रायाजीराव बसले होते, बाजूला सबनीस नारोपंत, आणि चिकाच्या पडद्याआड गोजराबाई, त्यांच्या पाठीशी उशी धरून धुरपा. नारोपंतांनी खलिता उघडून मोठ्याने वाचला.

"राजश्री रायाजीराव यांसी सुभानजी घारगे यांचा रामराम. गडाच्या दक्षिण बुरुजाखाली सुरुंग भरून सिद्ध आहे. अष्टमीच्या सूर्योदयी बत्ती दिली जाईल. आमची बहीण आपल्या घरी गरोदर आहे, तिला सप्तमीच्या आत पालखीत घालून आमच्या गोटात रवाना करावे. तिचे बाळंतपण हा माहेरचा मान आहे. कदाचित त्याआधीच तिची सुटका झाली, तर बाळंतिणीच्या घरावर शस्त्र उगारण्याची आमच्या कुळाची रीत नाही. बारशापर्यंत बारा दिवस आमच्याकडून ना तोफ वाजेल, ना सुरुंगास बत्ती लागेल. आमचे धनी खानसाहेब यांजकडूनही हे कबूल करून घेतले आहे. आपणांशी दोन शब्द एकांती बोलावयाचे आहेत. माचीवर एकटे भेटावे. लोभ असावा."

वकिलाला बाहेर बसवून रायाजीराव नारोपंतांकडे वळले. "पंत, भेटावं का?"

"मुळीच नाही, सरकार," नारोपंत म्हणाले. "जो माणूस तळाशी दारू ठासून बसला आहे, त्याच्याजवळ एकांती बोलण्यासारखं असतं तरी काय? आपणांला खाली नेऊन गडाचं मुंडकं उडवण्याचा हा डाव आहे. थोरले सरकार अमावास्येच्या आत येतो म्हणून शब्द देऊन गेले आहेत. तोवर गड तगवायचा, दुसरं काही नाही."

थोरले सरकार म्हणजे रायाजीरावांचे वडील बंधू खेमाजीराव. दोन हजार घोडा घेऊन ते घाटावरून कुमकेला निघाले होते, आणि गडावरचा प्रत्येक जीव त्या दोन हजार घोड्यांच्या नावाने नाचणीची अर्धी भाकर गिळत होता. चतुर्थीपासून अमावास्या अकरा दिवस लांब होती. अष्टमी फक्त चार.

पडदा हलला. "पंत," गोजराबाईंचा आवाज आला, "मी पालखीत बसले तर अष्टमीला बुरूज उडणार. इथेच बसून राहिले तरी उडणार. आणि बाळंत झाले तर अमावास्येच्या पुढेपर्यंत उडणार नाही. बरोबर समजले ना मी?"

"तसंच लिहिलं आहे, बाईसाहेब."

 नारोपंतांची नजर पडद्यावरून सरकून उशी धरून बसलेल्या म्हातारीच्या आकृतीवर येऊन थांबली.

धुरपाने सरळ सांगून टाकलं. "सरकार, आठवा म्हयना हाय. आठव्यातलं लेकरू टिकत न्हाई. आन् कळलावी का काय तुमच्या मनात असंल, तर ती लागलेल्या कळा वाढवती, न लागलेल्या आणत न्हाई."

"लावून तर पाहा," रायाजीराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "बुरुजाच्या आसऱ्याला दीडशे बाया नि पोरं आहेत, धुरपाबाई. मी त्यांना काय सांगू?"

 त्या दीडशेंतल्या निम्म्या पोरांची नाळ धुरपानेच कापली होती.

पंचमीला उजाडताच कमरेला दोर बांधून ती कड्यावर उतरली. वेलापुढे हळद-कुंकू ठेवलं, बाळंतिणीसाठी नेते म्हणून सांगितलं, आणि लोखंड न लावता बाभळीच्या खुंटीने माती उकरून नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा कंद काढला. सहाणेवर उगाळून तिने गोजराबाईंच्या पोटाला नि पायांना लेप दिला. पंचमी गेली. षष्ठीची दुपार झाली. गोजराबाईंची कातडी जरा चुरचुरली, बाकी काही नाही. मनातल्या मनात धुरपाला हायसं वाटत होतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटत होती.

त्या दुपारी खोलीत दोघीच होत्या. धुरपाची टकळी सुरू झाली. घाबरली की ती जास्तच बोले. आईच्या गोष्टी निघाल्या, वाडीच्या निघाल्या, गुरांच्या निघाल्या.

"गुरांनाही हीच लावता?" गोजराबाईंनी विचारलं.

"लावतो बी, आन् देतो बी. गाय व्याली आन् वार आत अडकली, तर काय करणार? नखाच्या टोकावर मावंल येवढी मुळी गुळात घालून चारायची. पोट असं पिळवटतं बगा, की आत काय म्हणून ऱ्हात न्हाई. पर ती गाय, बाईसाहेब. तिचं पोट निराळं."

 गोजराबाईंनी कोनाड्याकडे पाहिलं. तिथे करवंटीखाली उरलेला कंद झाकून ठेवला होता. कोळ्यांच्या सुईणींची रीतच तशी आहे: एकदा बाळंतिणीच्या खोलीत आणलेली मुळी सुटका होईपर्यंत उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, नेली तर बाई अडते. धुरपाने रीत पाळली. त्या एका गोष्टीसाठी पुढे तिने स्वतःला किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही.

सप्तमीला सकाळी ती ऊन पाणी घेऊन खोलीत आली तर गोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक, ओठ आवळलेले. करवंटी पालथी पडली होती. कंदाचा एक फाटा दाताने तोडलेला होता.

धुरपाने घंगाळ खाली ठेवलं. "किती?"

"तू म्हणालीस तेवढी," गोजराबाई म्हणाल्या. "मग बराच वेळ काही होईना, म्हणून आणखी थोडी."

"बाईसाहेब, आवं म्यां गायीचं सांगितलं व्हतं."

"मला कळलं होतं ते. माझ्यावर रागावू नकोस, धुरपा. तू दिली असतीस तर तुझ्या माथी पाप बसलं असतं. आता ते माझं आहे. तू फक्त बाळाला नीट बाहेर काढ."

धुरपाने त्यांच्या घशात बोटं घातली, मिठाचं पाणी पाजलं, ताकाचा थेंब गडावर नव्हता म्हणून तांदळाची पेज मागवली; नारोपंतांनी आपल्या घरची शेवटची मूठ पाठवली. पण जे आत गेलं होतं ते आपलं काम करू लागलं होतं. दुपारपर्यंत गोजराबाईंना जुलाब नि वांत्या लागल्या, घशाची आग आग होऊ लागली, आणि मग कळा आल्या. धुरपाने शेकडो बाळंतपणं केली होती. बाई ओरडते, शिव्या घालते, देवाला बोलावते, आणि सुईण तिला धीर देते. या बाईने तोंडात पदराचा बोळा धरला होता आणि ती धुरपालाच डोळ्यांनी धीर देत होती. धुरपाची बडबड पहिल्यांदाच बंद पडली. तिला रडू येत होतं आणि हात मोकळे नव्हते.

सूर्य मावळायच्या आत मुलगी झाली. वीतभर जीव, अंगावर लव, नखं अजून पुरती न आलेली. दोनदा पाठीवर थोपटल्यावर ती रडली. आवाज असा बारीक की दाराशी उभ्या रायाजीरावांना तो ऐकू आला की नाही, धुरपाला कळलं नाही. पण नारोपंतांना आला. पुढच्या क्षणी नगारखान्यात चौघडा झडू लागला, आणि तटावरची उपाशी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. थोड्या वेळाने खालच्या गोटातूनही शिंगाचा आवाज आला. मोर्चावरच्या तोफांची तोंडं सुभानजीने गडाकडून फिरवून घेतली. बारा दिवस मिळाले होते.

ते दिवस कसे गेले ते तटावरच्या लोकांना विचाराल तर ते सांगतील की उत्तरेकडच्या खिंडीवर डोळे लावून गेले. धुरपाचे डोळे खोलीतून हलले नाहीत. आईचं दूध ती बाळाला देऊ शकत नव्हती, कारण त्या दुधातून काय उतरेल हे सांगता येत नव्हतं. एका नाईकाच्या बायकोला दूध होतं, पण उपासाने तेही आटलेलं. ती पिळून पिळून चमचाभर काढायची आणि धुरपा कापसाच्या वातीने ते थेंबथेंब मुलीच्या ओठांवर सोडायची. मुलीला ओढायची ताकद नव्हती. गोजराबाई तापाने फणफणलेल्या असत. मधेच शुद्धीवर आल्या की एकच विचारत, "कुमक आली का?" आणि धुरपा मान हलवून नाही म्हणे.

पाचव्या दिवशी पाचवीच्या पूजेला मामाने यायचं, म्हणून सुभानजी आला. निःशस्त्र, बरोबर एक जुना नोकर, हातात कुंची आणि अंगडं-टोपडं. रायाजीरावांनी सामोरं जाऊन मेहुण्याचा रामराम घेतला. बाळंतिणीच्या दाराशी थांबून सुभानजीने आत पाहिलं. बहिणीचे खोल गेलेले डोळे, फुटलेले ओठ, आणि कापसात गुंडाळलेला तो मूठभर जीव. हातातली कुंची त्या जिवाला केवढी मोठी होणार होती ते एका नजरेत कळत होतं.

"काय झालं हिला?" त्याने विचारलं. मग तो धुरपाकडे वळला. "सुईणबाई, तुम्ही सांगा. हिचे दिवस भरायला अजून महिना होता. मी मोजले आहेत."

धुरपाने सांगितलं. सुरुंग, अष्टमी, कंद, सगळं. तिने काही लपवलं नाही, गायीचं बोलणंही नाही.

सुभानजी उंबऱ्यावरच खाली बसला. एवढा मोठा सरदार, पण त्याला पाट मांडायचंही कुणाला सुचलं नाही. "बारा दिवस तुम्हांला कशासाठी हवे होते, रायाजीराव?"

"आता लपवून काय उपयोग? थोरले बंधू येताहेत. अमावास्येच्या आत."

"ते येणार नाहीत," सुभानजी म्हणाला. "मी खलिता पाठवला त्याच्या आठ दिवस आधीच खेमाजीरावांना नदीच्या उतारावर खानाच्या फौजेने गाठलं. दोन हजारांतले दोनशेही परत गेले नाहीत. ते स्वतः घोड्यावरच पडले. मी त्यांना मानाने अग्नी दिला."

रायाजीरावांनी विचारलं, "मग हे आम्हांला कळवलं का नाही? गड मी त्याच दिवशी खाली करून दिला असता."

"म्हणूनच एकांती बोलावलं होतं. पत्रात लिहिलं असतं तर पत्र सदरेवर वाचलं जाणार आणि पडद्याआड गोजरा ते ऐकणार. तुमच्या घरात आल्यापासून तिने खेमाजीरावांनाच बाप मानलं. तीन वर्षांपूर्वी आमचे वडील आबासाहेब गेल्याची खबर मीच जासुदाबरोबर धाडली होती, आणि त्यानंतर तिचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पोटुशी बाईला वाईट बातमी सांगू नये, एवढं आम्हां सैनिकांनाही कळतं, दाजी. तिच्या कानी काही जाऊ नये म्हणून गोटातही ताकीद दिली होती. तुम्ही माचीवर आला असतात तर दोन शब्दांत काम झालं असतं."

नारोपंतांनी डोक्यावरची पगडी उतरवून हातात घेतली. त्यांनी सल्ला दिला होता तो चांगल्या बुद्धीनेच दिला होता. पण ते आता कुणाला सांगायचं आणि कशाला?

"दादासाहेब," आतून गोजराबाईंचा आवाज आला. "मी ऐकते आहे."

सुभानजी उठून खाटेजवळ गेला. तिचा हात त्याने आपल्या हातात घेतला. 

"तुम्ही सगळ्यांनी मला फार जपलंत," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

त्याच दुपारी रायाजीरावांनी गडाच्या किल्ल्या दिल्या. शिबंदी आपापली हत्यारं घेऊन, बायका-पोरांसह, मानाने खाली उतरली. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. चतुर्थीलाही हेच झालं असतं. पुढे भाटांनी आसनगडावर पोवाडा रचला, आणि त्यात गोजराबाई तटावर तलवार घेऊन उभ्या असल्याचं रंगवून सांगतात. तसलं काही झालं नाही. त्या भावाच्या पालखीतून गोटात गेल्या, मांडीवर कापसाचं गाठोडं घेऊन, आणि त्यांच्या मागे धुरपा चालत होती.

सातव्या दिवशी सकाळी ते गाठोडं गार लागलं. सुईणीला ते हात लावायच्या आधीच कळतं. मुलीला तंबूमागच्या करंजाखाली पुरलं. खानाचे लोक रिकाम्या गडावर चढायला उतावीळ झाले होते, पण सुभानजीने त्यांना आपल्या पहाऱ्याने अडवून धरलं. शब्द बारा दिवसांचा दिला होता, त्याने तो बारा दिवस पाळला. आत कुणी नव्हतं, वाचवायचं काही नव्हतं, आणि तरी मोर्चावरच्या तोफा दुसरीकडे तोंड करून तशाच उभ्या होत्या.

बाराव्या दिवशी, ज्या दिवशी बारसं व्हायचं, गोजराबाईंना प्रथमच उठून बसवलं. ताप उतरला होता. जीव वाचला होता. धुरपा त्यांची वेणी घालायला बसली. पहिल्याच फणीला केसांची बट मुळासकट हातात आली. दुसऱ्या फणीला आणखी. धुरपाने ती पदरात लपवली, मग पुन्हा लपवली, आणि मग लपवायला पदर पुरेना.

"राहू दे," गोजराबाई म्हणाल्या. "दिसतं आहे मला. ही मुळीच ना?"

"व्हय. जे जगतात त्यांचे केस जातात. पुन्ना येतील, बाईसाहेब."

गोजराबाईंनी बट आपल्या हातात घेतली, बोटाला गुंडाळली आणि सोडली. "धुरपा, एक विचारते. माझी मुलगी त्या मुळीने गेली, की आठव्या महिन्याची म्हणून गेली?"

बाहेर माणसं तंबूच्या मेखा उपटत होती. धुरपाजवळ उत्तर तयार होतं. आठव्यातलं लेकरू टिकत नाही, हे सगळं जग म्हणतं, ती स्वतः भर सदरेवर म्हणाली होती; नुसतं तेवढं पुन्हा म्हणायचं, की या बाईला आयुष्यभर पुरेल एवढा आधार मिळाला असता. तिने तोंड उघडलंही. मग तिला पाचवीच्या दिवशी उंबऱ्यावर बसलेला सुभानजी आठवला, बहिणीला जपायला निघालेला.

"आठव्यातली म्यां चार वाचवलीत," ती म्हणाली. "ही मुळीनं गेली. तिचे ओठ आतून भाजल्यावानी झाले व्हते. पोटात असतानाच तिच्यात उतरलं व्हतं ते."

 धुरपा वाट बघत राहिली. गोजराबाई ओरडतील, मारतील, काहीतरी करतील, आणि मग आपण त्यांना जवळ घेऊ, असं तिला वाटत होतं.

"चोळीची गाठ सैल कर," गोजराबाई म्हणाल्या. "दूध आलं आहे."